आयत्या वेळचा विषय

“दिवसातून किती वेळा जाता लघवीला?” असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि नीलम तायडेला हसू आलं.

हसण्यासारखं काही नव्हतं. राजापेठेतला दवाखाना. बाहेर बाकावर मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेला अनुप, तिचा नवरा. आत टेबलावर प्लास्टिकची किडनी, मधोमध कापलेली, आतून गुलाबी, वर धूळ बसलेली. आणि टेबलापलीकडे ही माधवी नावाची, नीलमपेक्षा वयानं लहानच असलेली डॉक्टर, पेन उघडून उत्तराची वाट पाहत बसलेली. हाच प्रश्न, थोडा सरकारी भाषेत, नीलमनं ग्रामसेविका म्हणून गावातल्या एकेका दारात उभं राहून विचारला होता. घरी शौचालय आहे का, वापर होतो का, सगळे जातात का, की म्हातारी माणसं अजून बाहेरच. बायका पदर तोंडात धरून हसायच्या आणि तिला त्या हसण्याची किळस यायची. आता तेच हसू तिच्या तोंडात आलं होतं, दुसऱ्यानं चावून टाकलेलं काही आपल्या तोंडात यावं तसं.

“सकाळी घरून निघताना,” ती म्हणाली. “आणि संध्याकाळी घरी आल्यावर.”

“मधे?”

“मधे ड्युटी असते.”

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. “आणि पाणी किती पिता?”

गावाची टाकी किती लिटरची, माणशी किती लिटर पाणी द्यायचं, टाकीत ब्लिचिंग पावडर किती टाकायची, हे सगळं नीलमला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आपण किती पितो हे नव्हतं माहीत. ओठ ओले करण्यापुरतं. गोळी गिळण्यापुरतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे इन्फेक्शन वर चढतंय, मॅडम. मागच्या वेळी चढलं होतं, आता पुन्हा. पाणी प्यायचं आणि अडवून धरायचं नाही. पुन्हा अशा आलात तर गोळ्या लिहून देणार नाही, सरळ ॲडमिट करीन. किडनी गेल्यावर परत येत नाही.”

अनुपच्या गाडीवर मागे बसून घरी येताना तो एकच शब्द तिच्या ओटीपोटात खडा होऊन बसला. अडवून. पाणी अडवा, पाणी जिरवा. ही ओळ तिनं स्वतः पेंटरपुढे उभं राहून शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतली होती, ‘वा’ला काना नीट काढला का ते पाहून. आणि नोकरीला लागल्यापासून ती स्वतः दुसरं काय करत होती? पाणी अडवत होती आणि पाणी जिरवत होती, बारा गावच्या रस्त्याचे धक्के खात एसटीच्या सीटवर मांड्या आवळून. तिला स्वतःचाच वास आला. औषधाचा, पिवळा, लोखंडी वास. तो कपड्यांना नव्हता, अनुपला येत नव्हता, पण तिला येत होता, आणि अनुपच्या पाठीला आपलं अंग लागू नये म्हणून ती जरा मागे सरकून बसली.

आईनं शिकवलं होतं हे. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात राहायचे ते, बाप गँगमन. क्वार्टरला स्वतःचा संडास होता, आणि आईला बुद्धविहारातल्या फोटोनंतर कशाचा अभिमान असेल तर त्याचा. ती तो इतका घासायची की पाहुणे आले की त्यांना आधी तोच दाखवायची. आपल्या आजीनं कुणाकुणाची घाण उचलली ते ती कधी बोलली नाही; नुसती घासत राहायची. आणि शाळेत जाताना रोज नीलमच्या वेण्या आवळून बांधत म्हणायची, “तिथं पाणी पिऊ नको. दम धर. घरी आल्यावर.” शाळेतल्या मुतारीला दार नव्हतं. बाई म्हणायच्या, थांब, तास संपू दे. अकोल्याला कृषी पदविकेला असताना शेतावरच्या प्रात्यक्षिकाला सगळी मुलं नि ही एकटी मुलगी. मुलं शेताच्या कडेला धुऱ्याकडे तोंड करून उभी राहत, गप्पा मारत, आणि सर म्हणत, तायडे, थांबा जरा, तिकडं जाऊ नका. थांब. थांबा. लहानपणापासून कुणीतरी तिला एकच काम शिकवत होतं आणि त्यात ती पहिली आली होती.

तर ठरलं. मासिक सभेच्या दिवशी तिनं घरून निघताना बाटली भरून घेतली आणि बसमध्ये ती पीत राहिली. उपाय म्हणून नव्हे, हट्टानं. आज सभेत विषय निघणार, आज कुलूप उघडणार, मग भ्यायचं कशाला?

कुलूप ग्रामपंचायतीच्या महिला शौचालयाचं. कार्यालयाच्या ओट्याच्या टोकाला, अबोली रंगाचं, दारावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र. उद्घाटनाला फीत कापली, फोटो निघाले, त्याच संध्याकाळी त्याला कुलूप लागलं. किल्ली सरपंचाच्या घरी. का, तर तपासणीचं पथक येणार आहे. कधी, ते पथकालाच माहीत. तोवर कुणी वापरायचं नाही, कारण वापरलं तर घाण होईल.

फाट्यावर ती उतरली. फाट्यावर बोर्ड होता. गावाचं नाव उन्हानं आणि पानाच्या पिंकांनी पुसलं गेलं होतं, त्याखालचे शब्द मात्र जसेच्या तसे: हागणदारीमुक्त गाव. या शब्दाची तिला किळस होती. ज्यानं कुणी तो मंत्रालयात बसून मंजूर केला, त्याला तोंडानं एकदा तरी म्हणून पाहावासा वाटला नसेल का? पावत्यांवर, शिक्क्यावर, भाषणात, पाहुण्यांच्या हारांसमोर, हागणदारी, हागणदारी. मुक्त राहिलं बाजूला, तो पहिला शब्दच सगळ्यांच्या जिभेवर खेळायचा. आणि बोर्डाच्या मागे, वेड्या बाभळीत, गावातल्या बाया बसायच्या. बोर्ड मोठा होता. आडोसा चांगला होता.

तिथूनच इंदूबाई बाहेर आल्या. हातात डबा, डोक्यावर पदर. वॉर्डाच्या मेंबर, वयानं आईएवढ्या.

“मॅडम, आज लय लवकर!”

“मावशी, आज मांडाल ना? तुम्ही बोललात तसं?”

“मांडतो ना बाप्पा. कितीदा इचारता? मेंबर आहो मी, नुसता अंगठा द्याले नाई बसलो तथी.” मग त्यांनी नीलमच्या तोंडाकडं नीट पाहिलं. “तोंड काहून असं पिवळं झालं वो तुमचं?”

“तब्येत बरी नाही.”

“मंग चाला ना, इथीसा जाऊन घ्या. मी उभी राह्यतो आडवी.”

नीलम म्हणाली, नको. लगेच म्हणाली, विचार करायच्या आत. पायाखाली कागद, पाणबाटल्या, माश्यांचा घोंगाव, आणि मानवी विष्ठेचा तो वास, जो इतर कुठल्याही वासासारखा नसतो, कारण तो आपला असतो. पण नुसता वास नव्हता. या बाभळीत ती आधी आलेली होती. पहाटेच्या गुड मॉर्निंग पथकात, नवी नवी असताना. शिपाई खुशालराव शिटी फुंकायचा आणि ती बसलेल्या बायांना उठवून गुलाबाचं फूल द्यायची, वरून तसा आदेश होता. शिटी वाजली की बाया अर्ध्यात उठायच्या. लुगडं ओढत, तोंड लपवत. ते अर्ध्यात उठणं तिला आपल्या अंगात कळायचं, तिच्या आतलंसुद्धा काहीतरी कडी लावल्यासारखं बंद व्हायचं. आजही अमरावतीत कॉलनीत सकाळी कुणी शिटी वाजवली की ती कडी लागते. इंदूबाईंनाही एक गुलाब मिळाला होता.

“त्या गुलाबाचं काय केलं हो मावशी तुम्ही?” चालता चालता तिनं एकदम विचारलं.

“कोणत्या? हां, थो! बकरीले टाकला. तिनंबी नाई खाल्ला.”

विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

ती वाचत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. तिच्या हुद्द्याचं नाव सरकारनं बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं होतं. गावात ती ग्रामसेविकाच होती, आणि सभेत सचिव. सचिवानं लिहायचं. मांडायचं मेंबरांनी, एक सूचक, एक अनुमोदक, बाकी सर्वानुमते. भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी होत्या म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर ओट्यावर काढलेल्या. तसबिरींचा मान असा ठेवायचा आणि मग त्यांच्याच खाली बसून खर्रा घोटायचा. सरपंच पंजाबराव प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना तळहातानं घासत होते, चर्र चर्र चर्र, आणि तो आवाज थेट तिच्या दातांत जात होता. नखं वाढलेली, नखांत चुना. उपसरपंच रऊफभाई खिडकीशी बसून मोबाईलवर कापसाचे भाव पाहत होते. त्यांच्या धाकट्या भावाची बायको सुरैय्या, तीही मेंबर, दुपट्टा ओढून इंदूबाईंच्या शेजारी. जेठ समोर असल्यामुळे तिनं आजवर एकाही सभेत तोंड उघडलं नव्हतं. “कायम,” पंजाबराव म्हणाले, आणि बोटावरचा खर्रा गालात सरकवला. गाल फुगला. गालातून बोलत म्हणाले, “पुढचा घ्या मॅडम.”

पोटात पाणी उतरत होतं. बसमध्ये प्यालेलं ते गोड, अमरावतीचं पाणी. या गावात पाणी गोड नसतं. खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणी असं की भांड्याला पांढरा पापुद्रा धरतो, चहात टाकलं तर दूध फाटल्यासारखं होतं. धरणाचं पाणी पाइपातून येतं ते कधीतरी, आणि आलं की खुशालराव शिटी वाजवत गल्लीतून पळतो. तीच शिटी. पथक बंद झालं, शिटी उरली, वाया कशाला घालवायची! आता त्या शिटीला बाया डबे टाकून घागरी उचलतात. त्याच बाया.

विषय क्रमांक दोन : मुख्य रस्त्यावरील नालीतील गाळ काढणे.

गाळ काढला होता. काढून नालीच्याच काठावर ठेवला होता. वाळला की उचलू असं ठरलं होतं, आणि वाळायच्या आत तो परत नालीत घसरला होता. गेली सारी वर्षं हाच गाळ. नीलमला तो ओळखीचा झाला होता. त्यातली निळी चप्पल, बाळाचं डायपर, देवाला वाहिलेल्या हारांचा काळा लगदा. तो वर येतो, खाली जातो, ठराव होतो. तिला वाटायचं, आपण गावाचं काम करत नाही, गाव आपल्याकडून हा गाळ ढवळून घेतं.

“काढा म्हना अजून,” रऊफभाई मोबाईलमधून म्हणाले.

“टाकायचा कुठं पण?” नीलमनं विचारलं.

“टाकाचं काय? काढणं महत्त्वाचं. फोटोत निंगालेला दिसला पाह्यजे.”

हसले सगळे. तीही हसली, हसावं लागतं. आणि हसताना ओटीपोट दुखलं. पहिली कळ.

कळ म्हणजे काय हे तिला कुणी विचारायला हवं होतं. आधी एक जडपणा येतो, मग तो जडपणा तापतो, मग कुणीतरी आतून टाचणीनं लिहायला लागतं. वहीत लिहिता लिहिता तिनं मांडीवर मांडी टाकली. पाय बदलला. तिनं चहाचा कप नाकारला आणि खुशालरावानं तो पंजाबरावांपुढे ठेवला. त्यांनी गालातला खर्रा खिडकीतून थुंकला, उरलेला जिभेनं गोळा केला, आणि चहा बशीत ओतून सुर्र करून ओढला. बशीच्या काठावर तपकिरी धागा राहिला. तिची नजर त्या धाग्यावरून हलेना. अशा वेळी असंच होतं. अंग जितकं आवळावं तितके डोळे उघडे पडतात, जगातली सगळी ओल एकदम दिसायला लागते. थुंकी. घाम. छतावरून उतरलेला ओघळ. महापुरुषांच्या काचेवर माशीनं ठेवलेले ठिपके.

विषय क्रमांक तीन : पाणीपुरवठ्याची टाकी धुणे.

“थांबा दोन मिन्टं,” म्हणत पंजाबराव उठले, बाहेर गेले.

दोन मिनिटं थांबायचं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. खिडकीपलीकडे कार्यालयाची भिंत. भिंतीवर ‘स्वच्छ गाव, सुंदर गाव’. मागे कुणीतरी तिथं देवाच्या फरशा बसवून पाहिल्या होत्या. माणसं फरशी टाळून जरा डावीकडे उभी राहू लागली, एवढाच फरक. आवाज आला. धार भिंतीवर पडली, भिंतीवरून मातीत, मातीतून तो उष्ण खारा वास खिडकीनं आत. तिथूनच ते मोबाईलवर बोलत होते, “हाव, हाव, मीटिंगमंदीच आहो… नाई नाई, बोल ना बाप्पा, मोकळाच आहो.”

मोकळाच आहो.

हे असं, उभ्या उभ्या, बोलता बोलता, विचारसुद्धा न करता. नीलमला त्या आवाजाचा संताप आला आणि त्याहून वाईट, हेवा वाटला. एका पुरुषाच्या मुतण्याचा हेवा. आई ऐकती तर काय म्हणाली असती? तिच्या सगळ्या अंगाला त्या धारेच्या आवाजानं ओढ दिली, नळ ऐकून बाळाला होते तशी, आणि तिनं दात आवळले, हाताची नखं पेनात रोवली, आणि आतली ती जुनी कडी लावली. थांब. दम धर. घरी गेल्यावर. शेजारून इंदूबाई हळूच म्हणाल्या, “मॅडम, घामानं भिजल्या वो तुमी,” आणि सुरैय्यानं आपल्या दुपट्ट्याचं टोक पुढं केलं. नीलमनं ते घेतलं नाही. तिला कुणाचा हात नको होता. हात लागला असता तर सगळं सुटलं असतं.

तरी ती इंदूबाईंकडे बघत राहिली. आता. आता शेवटचा विषय येईल. प्रत्येक सभेला तो असतो, छापील कागदावरच असतो: आयत्या वेळी येणारे विषय, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने. आयती वेळ. तिला पहिल्यांदाच तो शब्द ऐकू आला. आयत्या वेळी, माननीय अध्यक्षांच्या परवानगीनं.

पंजाबराव आले. हात धोतराला पुसून त्यांनी खुर्ची ओढली. “टाकी धुवाची. मंजूर. आयत्या वेळचा काही विषय? नाई. लिहा मॅडम, निरंक.”

नीलमनं इंदूबाईंकडे पाहिलं. इंदूबाई पायाच्या अंगठ्याकडे पाहत होत्या. बाहेर कुत्रं अंग झाडत होतं. सकाळी मेंबर आहो मी म्हणणारी बाई, चार पुरुष समोर बसले की अशी मिटते. आणि तिचा राग करावा तर आपण तरी काय केलं आजवर? निरंक. तिनं किती सभांना हा शब्द लिहिला होता, किती गोड, गोल, पोकळ शब्द. पेन कागदावर टेकलं. ‘नि’ झाला. ‘रं’ झाला.

“एक आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“विषय. महिला शौचालयाचं कुलूप उघडायचं.”

पंजाबराव हसले, वाईट नव्हे, लहान पोराकडं पाहून हसतात तसं. “मॅडम, तुमी सचिव. सचिव लिह्यते, मांडत नाई. तुमालेच नियम सांगा लागते का आता?”

“नियमानं बोलून राह्यले भाऊ,” रऊफभाई म्हणाले.

नियम खरा होता. हीच गोष्ट सगळ्यात ओंगळ होती, की तो खरा होता. नीलमचे डोळे भरून आले, आणि ते पाणीसुद्धा तिनं अडवलं. त्या वेळी शेजारी खुर्ची सरकली.

“माह्या नावानं लिहा,” इंदूबाई म्हणाल्या. उभ्या राहिल्या होत्या. सभेत कुणी उभं राहून बोलत नाही, पण त्यांना वाटलं असावं, राहावं लागतं.

“इंदूमावशे, तुले कायले पाह्यजे इथला संडास? तुह्या घरी हाय ना?”

“हाय ना. त्यात सरपनाची पऱ्हाटी भरली हाय.”

“मंग काढ ना पऱ्हाटी!”

“काढतो. अन् मंग चूल कायच्यावर पेटवू, तुह्या ठरावावर?” सगळे हसले, आणि हसणं थांबायच्या आत त्या म्हणाल्या, “तू भितीले जाऊन आला ना आत्ता, पंजाब? आमी आयकलं सारं. आमाले भीत कोनती?”



“अवो, पण थे तपासणीसाठी हाय,” पंजाबराव समजावणीच्या सुरात म्हणाले. त्यांना खरंच ते पटलेलं होतं, हे नीलमला दिसलं. “वापरलं तं घाण नाई होणार का? नवंकोरं हाय.”

“अनुमोदक कोण?” रऊफभाईंनी विचारलं, विषय तिथंच पडावा म्हणून.

“मेरा नाम लिखो, मॅडम,” सुरैय्या म्हणाली. दुपट्ट्याच्या आतून, जेठाकडे न पाहता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

रऊफभाईंनी मोबाईल उलटा ठेवला. कुणी नाही म्हणेना. बाईमाणसाच्या संडासाला विरोध, असं कागदावर कोण लिहून घेणार? पंजाबरावांनी पन्नी परत उघडली, घासायला लागले. “बरं, लिहा. सर्वानुमते. किल्ली घरी हाय. उद्या पाहू.”

उद्या.

नीलम उठली. तिनं काही ठरवलं नव्हतं. खुर्चीवर बसणं संपलं होतं, एवढंच. ती ओट्यावर आली, चपलांच्या ढिगावरून, अनवाणी, वाकून, एक हात पोटावर दाबून. मागून खुशालराव, “मॅडम, मॅडम, अवो किल्ली…” करत. तिनं कुलूप हातात धरलं आणि ओढलं. नुसतं ओढलं. कडीकोयंडा मुठीएवढ्या प्लास्टरसकट बाहेर आला. वाळूच होती सगळी, आत स्क्रू नुसते टोचलेले. कुलूप बंदच राहिलं, तिच्या हातात.

आत वास नव्हता. गावातली ही एकच जागा जिला वास नव्हता. ओल्या सिमेंटचा, चुन्याचा, कोऱ्या वहीसारखा थंडावा. पांढरं भांडं, त्यावर कंपनीचा कागद तसाच. तिनं तो फाडला. आतून कडी होती. ती तिनं लावली, आणि अंगातली काढली.

सुरुवातीला काही झालं नाही. अंग ऐकेना. इतक्या वर्षांची शिस्त, परवानगी मिळाली तरी खरी वाटेना. बाहेर पुरुषांचे आवाज, बाहेर खुशालराव. आता शिटी वाजेल असं तिला वाटलं. मग थेंब, जळत, मग धार, विस्तव जावा तशी, आणि ती तोंडात पदर कोंबून रडली. सुखानं नाही. किळसेनंच, या पिवळ्या आगीची, ती इतके दिवस पोटात घेऊन हिंडल्याची, तिच्यासाठी सूचक आणि अनुमोदक लागल्याची.

दारावर टकटक झाली. “मॅडम, पाणी,” इंदूबाईंचा आवाज. तिनं कडी काढून दार किलकिलं केलं, भरलेली बादली आत आली.

तिनं बादलीतून थोडं ओतलं. पाणी खाली गेलं नाही. वर आलं. तिनं वाकून पाहिलं. भांड्याच्या गळ्यात सिमेंट गोठलेलं होतं, राखाडी, गुळगुळीत, घास अडकावा तसं. खाली पाइप नव्हता. मागे खड्डा नव्हता. तिनं आता आठवून पाहिलं, इमारतीच्या मागे कधी खणलेलंच दिसलं नव्हतं, सपाट मुरूम आणि त्यावर धोत्र्याची रोपं. मुरमावर एक पांढरं भांडं ठेवून त्याभोवती खोली बांधली होती. फोटो वरून निघतो. खड्डा फोटोत येत नाही. म्हणून ते कुलूप. की तेही नाही? पंजाबरावांना खरंच ठाऊक नसेल. त्यांनी कधी पाणी ओतून पाहिलं असेल? कुणीच ओतलं नव्हतं. घाण होईल म्हणून.

भांडं काठापर्यंत भरलं होतं. पिवळट पाणी, त्यात तिचा चेहरा, हलणारा. बादलीत अजून बरंच होतं. थांब, असं तिला ऐकू आलं. आईच्या आवाजात, बाईंच्या, सरांच्या, अगदी सवयीनं. एवढ्यावर थांबलं तर कुणाला कळणारही नाही. दार ओढून घ्यायचं, उद्या खुशालरावाकडून गुपचूप उपसून घ्यायचं.

तिनं बादली उचलली आणि पूर्ण रिकामी केली. सावकाश, धार न तोडता. पाणी काठ ओलांडून फरशीवर पसरलं, तिच्या पायांखालून गेलं, क्षणभर घुटमळलं, आणि मग उतार सापडून दाराकडे निघालं. उतारही उलटा होता, ओट्याकडे. दाराच्या फटीतून ते बाहेर पडताना तिनं पाहिलं.

मग खुशालराव ओरडला, “अवो भाऊ, चपला! चपला उचला!”

ती दार उघडून बाहेर आली. सभा सगळी दारात येऊन थांबली होती, अनवाणी, उंबरठ्याच्या आत. ओट्यावरून पातळ पाणी पसरत होतं, चपलांच्या मधून, चपलांच्या खालून, पंजाबरावांच्या कोल्हापुरीचा अंगठा भिजून काळा पडला होता. वास त्यांनाही आला होता. किळसलेले त्यांचे चेहरे तिला ओळखू आले. आरशात रोज पाहत होती ती ते तोंड.

“काय पाहून राह्यले?” इंदूबाई ओट्याखालून म्हणाल्या. “नवंकोरं हाय ना.”

नीलम ओल्या पायांनी त्यांच्यामधून आत गेली. पुरुष बाजूला झाले, अंग चोरून. खुर्चीवर बसली. पिशवीतली बाटली काढली, तळाशी घोटभर उरलं होतं, ते सगळ्यांसमोर मान वर करून प्यायली, आणि टोपण न लावता बाटली टेबलावर ठेवली. ‘निरं’ एवढंच लिहून राहिलं होतं, ते तिनं खोडलं.

“खड्ड्याचा विषय राहिला,” ती म्हणाली. “सूचक म्हणून कुणाचं नाव लिहू?”

पंजाबराव उंबरठ्यावर एक पाय उचलून उभे होते. पाय खाली कुठं टेकवावा ते त्यांना सुचत नव्हतं.